विश्लेषण : समुद्राखाली घाई का चालत नाही? शरीराची प्रयोगशाळा करणाऱ्या हॉल्डेन यांची गोष्ट

दिवाळी किंवा नाताळची सुट्टी लागली की जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी तरुणांची गाडी कोकणाकडे वळते. मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली गेलेला मुलगा वर येतो, तोच पुढच्या कोर्सची चौकशी करत. रजा आठवड्याची, त्यातले दोन दिवस प्रवासाचे. मग प्रश्न ठरलेला : ओपन वॉटर आणि अॅडव्हान्स्ड, दोन्ही कोर्स एकाच फेरीत उरकतील का? कागदावर हे गणित बसते. शरीराच्या हिशेबात ते बसेलच असे नाही. शरीराचा हा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांत जे. बी. एस. हॉल्डेन आणि त्यांचे वडील यांचे नाव फार वरचे आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले हॉल्डेन भारतीय नागरिक म्हणून भुवनेश्वरमध्ये वारले. त्यांच्या आयुष्यातून स्कूबा प्रशिक्षणाच्या वेगाबद्दल काय कळते, त्याचा हा आढावा.

अॅडव्हान्स्ड कोर्समध्ये नेमके काय असते?

जगभर सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतीत पहिला कोर्स ओपन वॉटरचा. वाचनाचा भाग, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार बुड्या मिळून तो साधारण तीन-चार दिवसांत होतो. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. दुसरा कोर्स अॅडव्हान्स्डचा. त्यात पाच बुड्या असतात. त्यांपैकी खोल पाण्यातली एक आणि होकायंत्र वापरून दिशा शोधण्याची एक, अशा दोन सक्तीच्या. उरलेल्या तीन आवडीच्या. हा कोर्स दोन दिवसांत संपू शकतो आणि त्यानंतर मर्यादा ३० मीटरवर जाते.

म्हणजे आठ दिवसांपूर्वी ज्याने कधी रेग्युलेटर तोंडात धरला नव्हता, तो दहा मजली इमारतीइतक्या पाण्याखाली उभा असू शकतो. अॅडव्हान्स्ड या शब्दामुळे हा पट्टीच्या डायव्हरांचा कोर्स वाटतो. प्रत्यक्षात तो अनुभवाची पहिली पायरी आहे. गोंधळ इथूनच सुरू होतो.

विहिरीत पोहणाऱ्याला यात अडचण काय?

खान्देशातली बरीच पोरे पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. काठावरून सूर मारून तळाची माती आणणारा गावात पट्टीचा पोहणारा ठरतो. त्याला समुद्राची भीती वाटत नाही आणि तो कोर्समध्ये पुढे धावतो. पण विहिरीतली बुडी आणि सिलिंडरची बुडी यांत एक मूलभूत फरक आहे.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. विहिरीत बुडी मारणारा छातीत काठावरची हवा घेऊन जातो. १० मीटरवर ती दबून निम्मी होते आणि वर आला की पुन्हा पहिल्याइतकी होते. स्कूबा डायव्हर मात्र खालीच, त्या खोलीच्या दाबाची हवा छातीत भरतो. तिथे श्वास रोखून तो वर आला तर १० मीटरच्या प्रवासात तीच हवा दुप्पट होऊ पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम. विहिरीत वर्षानुवर्षे अंगात मुरलेली सवय नेमकी उलटी आहे. ती मोडायला पोहण्याचे कौशल्य कामी येत नाही. पुन्हा पुन्हा केलेला सराव लागतो.

दुसरा हिशेब हवेचा. ३० मीटरवर दाब चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासात चौपट हवा खर्च होते. पृष्ठभागावर तासभर पुरेल ती हवा तिथे पंधरा मिनिटांत संपते. घाबरलेला माणूस जोरजोरात श्वास घेतो, त्याची त्याहून लवकर संपते.

तिसरा हिशेब डोळ्यांना दिसत नाही, अंगाला जाणवत नाही. तो नायट्रोजनचा. इथे हॉल्डेन घराणे येते.

हॉल्डेन कोण होते?

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. घरी त्यांना जॅक म्हणत. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. माणूस कोणत्या हवेत जगतो, कोणत्या हवेत मरतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की ते तिथे पोहोचत, हवेचे नमुने घेत. खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून छोटे पक्षी सोबत न्यावेत, ही शिफारस त्यांचीच.

मुलाला ते लहानपणापासून बरोबर नेत. एकदा खाणीत छताजवळ साठलेल्या मिथेन वायूत त्यांनी मुलाला उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. थोड्याच वेळात मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा ठीक होती. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साठतो, हा धडा तो आयुष्यभर विसरला नाही. आज कोणी शाळकरी मुलाला असे शिकवले तर गुन्हा दाखल होईल. त्या घरात मात्र शरीर हेच मोजमापाचे पहिले साधन होते.

तेराव्या वर्षीची बुडी कशी होती?

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने खोल पाण्यातल्या कामाचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्यात वडील हॉल्डेन यांना घेतले. त्या काळचे डायव्हर तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी कापडाचा जाड पोशाख घालून उतरत. वरून पंपाने नळीतून हवा सोडली जाई. खोल गेलेले काही जण वर येताच सांध्यांच्या असह्य वेदनांनी वाकडे होत. काहींचे पाय कायमचे लुळे पडत, काही मरत. असे का होते याची ढोबळ कल्पना होती. टाळायचे कसे, याचा भरवशाचा नियम नव्हता.

१९०६ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ नौदलाच्या जहाजावरून प्रत्यक्ष चाचण्या झाल्या. हॉल्डेन कुटुंबही तिथे गेले. तेरा वर्षांच्या जॅकलाही पोशाख चढवून पाण्यात सोडण्यात आले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा होता. मनगटाशी तो घट्ट बसेना, आणि तिथून थंड पाणी आत शिरत राहिले. मुलाने शिकवल्याप्रमाणे हवेची झडप हाताळत पाणी छातीच्या वर येऊ दिले नाही. बाहेर काढले तेव्हा तो गारठलेला होता. पण डोके शाबूत होते.

आज या प्रसंगाकडे पाहताना दोन गोष्टी दिसतात. मुलगा वाचला, कारण एक कृती त्याला आधी नीट समजावलेली होती आणि त्याने ती घाबरून सोडली नाही. आणि धोका आला तो समुद्राकडून नव्हे, मापात न बसणाऱ्या पोशाखाकडून. आजच्या नियमांत बारा-चौदा वर्षांच्या मुलांना अॅडव्हान्स्डचा कनिष्ठ कोर्स करता येतो, पण खोलीची मर्यादा २१ मीटर ठेवलेली आहे. उपकरण अंगाला बसते का, हे पाहणे तर पहिल्या दिवसाचा पहिला धडा आहे.

त्याच चाचण्यांत डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे दोन डायव्हर २१० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ मीटरपर्यंत उतरले आणि धडधाकट वर आले. ते वडिलांनी आखलेल्या नव्या पद्धतीने वर आले होते.

ती पद्धत काय होती?

आपण श्वासात घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो शरीराला काही करत नाही. दाब वाढला की तो रक्तात आणि स्नायू, चरबी, सांधे यांत विरघळू लागतो. दाब हळूहळू कमी झाला तर तो आल्या वाटेने फुप्फुसातून निघून जातो. दाब एकदम कमी झाला तर बुडबुडे होतात. सोड्याची बाटली झटक्यात उघडल्यासारखे. या आजाराला डायव्हर बेंड्स म्हणतात.

वडील हॉल्डेन यांनी दाबाच्या टाकीत शेळ्यांवर प्रयोग केले. दुखणाऱ्या सांध्यामुळे शेळी पाय उचलून धरते, त्यावरून त्रास ओळखता येई. त्यातून दिसले की शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने नायट्रोजन घेत नाहीत.

ठिबकवर केळी पिकवणाऱ्या जळगावच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. हलकी जमीन पाणी लगेच पिते आणि लगेच सोडते. काळी भारी जमीन हळू पिते, पण एकदा भिजली की दिवसेंदिवस ओल धरते. रक्त आणि मेंदू हलक्या जमिनीसारखे. चरबी आणि सांधे काळ्या जमिनीसारखे. वडिलांनी शरीराचे असे पाच कप्पे कल्पिले. प्रत्येकाला निम्मे भरायला लागणारा वेळ ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटे धरला. दाब निम्म्यावर आला तरी शरीर सहसा सहन करते, हे त्यांना दिसले. म्हणून आधी दाब निम्मा होईपर्यंत वर यायचे आणि मग ठरावीक खोलीवर थांबत, टप्प्याटप्प्याने उरलेले अंतर कापायचे, असे कोष्टक तयार झाले. वरचे टप्पे जास्त वेळाचे ठेवले, कारण शेवटच्या १० मीटरमध्येच दाब सर्वाधिक पटीने बदलतो.

हा अभ्यास बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश नौदलाने कोष्टके स्वीकारली. आजच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचे गणितही याच कल्पनेवर उभे आहे. फक्त कप्पे वाढले. एका प्रचलित प्रारूपात ते सोळा आहेत आणि सर्वांत मंद कप्पा निम्मा भरायला वा रिकामा व्हायला ६३५ मिनिटे, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त घेतो. सकाळच्या बुडीचा नायट्रोजन संध्याकाळी पूर्ण गेलेला नसतो. त्यावर दुसऱ्या दिवसाचा चढतो. सलग पाच दिवस बुड्या मारणाऱ्याचे शरीर पाचव्या दिवशी पहिल्या दिवसासारखे कोरे नसते, ते या कारणाने.

मुलगा या विषयाकडे परत कसा आला?

जॅकने ऑक्सफर्डमध्ये गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य घेतले आणि पहिला वर्ग मिळवला. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते ब्लॅक वॉच पलटणीत लढले. १९१५ मध्ये जर्मनांनी विषारी वायू सोडल्यावर वडिलांबरोबर वायूच्या खोलीत बसून मुखवट्यांची चाचणी केली. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर त्यांना बरे होण्यासाठी भारतात पाठवण्यात आले. देश आवडला, पण गोरा अधिकारी म्हणून नव्हे, बरोबरीच्या नात्याने राहता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले.

युद्धानंतर ते केंब्रिज आणि पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आले. डार्विनची नैसर्गिक निवड आणि मेंडेलचा आनुवंशिकतेचा नियम यांची गणिताने सांगड घालणाऱ्या तिघांत त्यांची गणना होते. दुसरे दोघे रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट. १९३२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. वडील १९३६ मध्ये वारले. पाण्याखालच्या दाबाचा विषय घरातून गेल्यासारखा वाटत होता.

१ जून १९३९ रोजी तो परतला. लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी निघालेली थेटिस ही ब्रिटनची नवी पाणबुडी बुडाली. तीत १०३ जण होते, नेहमीच्या नौसैनिकांच्या जवळपास दुप्पट. कारण गोदीतले कामगार आणि तंत्रज्ञही सोबत होते. शेपटाचा भाग काही तास पाण्यावर दिसत होता, तरी फक्त चौघे बाहेर पडू शकले. ९९ जण आतच मेले. मेलेल्या कामगारांच्या संघटनांनी हॉल्डेन यांना विचारले : सुटकेची साधने असताना माणसे बाहेर का पडू शकली नाहीत?

उत्तर शोधण्यासाठी हॉल्डेन यांनी लंडनमधल्या सीब गॉर्मन कंपनीची पोलादी दाबटाकी वापरली. सोबत घेतली ती स्पेनच्या यादवी युद्धात लढलेली माणसे. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत जाईल तसे काय होते, ते त्यांनी स्वतः सोसून पाहिले : धाप, डोकेदुखी, ओकारी आणि विचारांचा गोंधळ. पाणबुडीतल्या माणसांकडे साधने होती. ती नीट वापरण्याइतके डोके शेवटी उरले नव्हते.

टाकीतल्या प्रयोगांतून काय हाती लागले?

महायुद्ध सुरू झाल्यावर नौदलाने हेच काम पुढे करायला सांगितले. हॉल्डेन, सहकारी मार्टिन केस, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या जीवशास्त्रज्ञ हेलन स्परवे आणि इतर काही जण पाळीपाळीने टाकीत बसत. एकाला त्रास होई, दुसरा नोंद घेई.

त्यांनी दाब दहा वातावरणांपर्यंत नेला. ९० मीटर खोलीवर असतो तितका. चिमट्याने पोलादी गोळ्या एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवणे, गणिते सोडवणे, अशी साधी कामे आत करायला दिली. दाबाखालच्या हवेने दारू प्यायल्यासारखी अवस्था होई. कोणी हसत सुटे, कोणाला उगाच मोठेपणा वाटे, गणिते चुकत. चुकतो आहोत, हे मात्र चुकणाऱ्याला कळत नसे. नायट्रोजनची ही धुंदी हवेवर बुडी मारणाऱ्याला साधारण ३० मीटरच्या आसपास जाणवू लागते. अॅडव्हान्स्ड कोर्सची मर्यादाही नेमकी तिथेच आहे.

शुद्ध ऑक्सिजनचे प्रयोग त्याहून वाईट होते. दाबाखाली ऑक्सिजन मेंदूला विषासारखा ठरतो आणि अचानक अपस्मारासारखे झटके येतात. अशाच एका झटक्यात हॉल्डेन यांच्या पाठीचे मणके चेपले गेले. ते दुखणे त्यांना आयुष्यभर पुरले. दुसऱ्या प्रयोगांत कानाचे पडदे फाटले. त्यानंतर नौदलातल्या डॉ. केनेथ डोनाल्ड यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले तेव्हा आणखी एक बाब समोर आली : तोच माणूस, तीच खोली, तेच उपकरण; पण एका दिवशी अर्धा तास निभावला आणि दुसऱ्या दिवशी काही मिनिटांतच झटका आला. काल जमले म्हणून आज जमेल, याची खात्री शरीर देत नाही.

हॉल्डेन यांच्या पद्धतीवर टीका करायला जागा आहे. मुद्दाम मर्यादेपलीकडे जाणे, एकाच दिवशी थंडी, दाब आणि दूषित हवा एकत्र सोसणे, हा प्रशिक्षणाचा नमुना असूच शकत नाही. त्यांचा हेतू मर्यादा शोधण्याचा होता. ती एकदा सापडल्यावर पुढच्या माणसाने तिच्या बरीच अलीकडे थांबावे, यासाठी ही किंमत मोजली गेली. शिकाऊ डायव्हरने टाकीतला धाडसीपणा उचलला आणि तिथली नोंदवही विसरली, तर सगळ्याचा अर्थच उलटा होतो.

हॉल्डेन भारतात का आले?

१९५७ मध्ये हॉल्डेन आणि हेलन स्परवे भारतात आले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत ते रुजू झाले. सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर केलेल्या हल्ल्याचा निषेध हे त्यांनी सांगितलेले एक कारण. हिंदू संस्कृतीची ओढ आणि उबदार हवा ही दुसरी. ते कुर्ता-धोतर घालू लागले, मांसाहार सोडला आणि भारतीय नागरिकत्व घेतले. महागडी उपकरणे नसली तरी झाडे, पाखरे, पिके मोजून चांगले विज्ञान करता येते, हे ते तरुणांच्या मनावर बिंबवत. १९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि ओडिशा सरकारच्या मदतीने तिथे आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली.

खान्देशाशीही त्यांच्या विचाराचा एक धागा जुळतो. रक्ताचा आनुवंशिक दोष मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहतो, कारण दोष अर्धाच असलेल्या माणसाला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, असा तर्क त्यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाच्या संदर्भात मांडला. पाच वर्षांनी अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलबाबत तसाच पुरावा दिला. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत, नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण का आढळतात, हे समजावताना डॉक्टर आजही हाच दुवा सांगतात.

कर्करोगाने १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. देह त्यांनी आधीच दान केला होता. तो काकीनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. आयुष्यभर स्वतःवर प्रयोग केलेले शरीर शेवटी विद्यार्थ्यांच्या टेबलावर पोहोचले.

मग अॅडव्हान्स्ड कोर्सचा योग्य वेग कोणता?

कोर्सचे दिवस हे किमान दिवस असतात, हे पहिले लक्षात घ्यावे. कौशल्य नीट जमल्यावरच पुढे जायचे, असे नियम सांगतात. शिकवणारा जास्त बुड्या घ्यायला सांगू शकतो आणि शिकणारा मागू शकतो. मास्क काढून पुन्हा लावणे, साथीदाराची हवा घेणे, एका खोलीवर स्थिर तरंगणे, या गोष्टी विचार न करता हातून घडू लागल्या की मग ३० मीटरची बुडी. धुंदीत नवे काही सुचत नाही. अंगवळणी पडलेलेच उपयोगी येते. ओपन वॉटरनंतर १८ मीटरच्या आत काही बुड्या मारून, पुढच्या सुट्टीत अॅडव्हान्स्ड केला तर तेच पैसे जास्त वसूल होतात.

दुसरे, कान दुखत असतील, सर्दी असेल, झोप झाली नसेल, तर त्या दिवसाची बुडी सोडावी. दिवस वाया गेला असे वाटेल, पण डोनाल्ड यांच्या नोंदी हेच सांगतात की शरीर रोज सारखे नसते. आरोग्याच्या अर्जात दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांचे प्रश्न असतात. कोर्स हुकू नये म्हणून तिथे खोटे लिहिणे म्हणजे स्वतःशीच फसवणूक.

तिसरे, वर येण्याचा वेग. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नाही आणि ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, हा आजचा सर्वसाधारण प्रघात. वडील हॉल्डेन यांच्या टप्प्यांचाच हा वारसा.

परतीचा घाट कधी चढावा?

खान्देशातल्या पर्यटकांसाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा कोणी न सांगितलेला. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हे अनेकांना माहीत असते. एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, अशी शिफारस आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, म्हणून हा नियम आहे. आणि दाबाला विमान काय, गाडी काय, सारखेच. ही शिफारस सुमारे ६०० मीटरपासूनच्या उंचीला लागू होते. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणहून दुपारी शेवटची खोल बुडी आटोपून संध्याकाळी जळगावची गाडी पकडणारा काही तासांतच त्या उंचीवर असतो.

पर्यटकांना पाच-सहा मीटरवर हात धरून फिरवतात, त्या बुडीत नायट्रोजन फारसा साठत नाही. चार-पाच दिवस रोज दोन-तीन बुड्या मारून ३० मीटरवर जाऊन आलेल्याची गोष्ट वेगळी. त्याने शेवटचा दिवस कोरा ठेवावा. मालवणचा बाजार, सिंधुदुर्ग किल्ला, माशाचे जेवण यांत तो मजेत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघता येते. घरी पोहोचल्यावर सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, तर प्रवासाचा शीण म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरकडे जावे आणि आपण समुद्रात किती खोल, किती दिवस उतरलो होतो, हे आधी सांगावे. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावात ते आपणहून कोणाच्या लक्षात येणार नाही.

आठवड्याच्या रजेचे गणित आता पुन्हा मांडले तर दोन दिवस प्रवासाचे, एक दिवस कोरा आणि उरलेले चार दिवस ओपन वॉटरचे. अॅडव्हान्स्ड पुढच्या हंगामात. पावसाळा संपला की समुद्र पुन्हा शांत होतोच.